माशांच्या मरणाचा पंचनामा कोण करणार?

२०२२ साली महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाने जनावरे पटापट मरू लागली तेव्हा शासनाने भरपाई जाहीर केली. दुधाळ जनावराला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये. त्याआधी २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या आणि त्यांचेही पैसे मालकांना मोजून दिले गेले. ते योग्यच झाले, त्याबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न पुढचा आहे. उद्या डिंभ्याच्या किंवा येडगावच्या जलाशयात अंगावर लाल व्रण घेऊन मासे वर तरंगू लागले, तर त्यांचा पंचनामा कोण करणार? तलाठी म्हणेल, सातबाऱ्यावर मासा नाही. जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणेल, हा माझ्या खात्याचा प्राणी नाही. प्रदूषण मंडळाचा माणूस आलाच तर पाण्याची बाटली भरून नेईल. मत्स्यव्यवसाय खात्याचा अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो, तो येईपर्यंत मासा कुजलेला असेल, आणि कुजलेल्या माशाची तपासणी होत नाही. मग वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येईल की अज्ञात कारणाने मासे मृत्युमुखी पडले. या देशात गरिबाच्या पोटावर जे जे म्हणून आघात होतात त्यांतल्या बहुतेकांचे कारण अज्ञातच असते!

काही वाचकांना वाटेल की आंबेडकरी दैनिकाच्या या सदरात माशांचे रोग कुठून आले? अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती, जमिनी हे आपले विषय. मान्य. पण पाणी हा आपला पहिला विषय आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हापासून सार्वजनिक पाण्यावर कुणाचा हक्क हा प्रश्न या चळवळीने कधी सोडलेला नाही. पाण्याचा हक्क म्हणजे फक्त पिण्याचा हक्क नव्हे. त्या पाण्यात जे पिकते त्यावर कोण जगतो तेही पाहिले पाहिजे. आपल्या भागात ते जगणारे लोक म्हणजे भोई, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. ज्यांना गावगाड्याने जमीन दिली नाही त्यांनी पाणी कसले. आपले भूमिहीन बौद्ध बांधवही आता शेततळ्यांवर राखणीला आहेत, जाळे ओढायला आहेत, मासळीच्या गाडीवर आहेत. आणि खाणारा कोण? २०१५ साली राज्यात गोवंशाच्या मांसावर बंदी आली, त्या दिवशी गरिबाच्या ताटातला सर्वांत स्वस्त कस काढून घेतला गेला. त्यानंतर आठवडे बाजारातली चिलापी आणि मृगल हाच अनेक घरांचा आधार राहिला. तोही रोगाने गेला तर लेकरांच्या ताटात काय वाढायचे, याचे उत्तर शाकाहाराची प्रवचने देणाऱ्यांकडे नाही.

आमच्या वारूळवाडीचेच उदाहरण घेऊ. गाव मीना नदीच्या काठी, नारायणगावाला चिकटून. वर वडजचे धरण. शेजारी कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, पलीकडे पिंपळगाव जोगे, खाली आंबेगावात घोडनदीवर डिंभे. या पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प होतो. ही पाच पाणी नकाशावर वेगळी दिसतात, प्रत्यक्षात ती कालव्यांनी एकमेकांत ओवलेली आहेत. डिंभ्याचा डावा कालवा घोडेचे पाणी येडगावात आणून सोडतो. येडगावातून कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार करमाळ्यापर्यंत जातो. मीना घोडेला मिळते, घोड भीमेला, भीमा उजनीत साठून पुढे कर्नाटकात आणि अखेर कृष्णेत. म्हणजे एका आदिवासी वाडीखालच्या पाण्यात शिरलेला रोग तीन जिल्हे आणि दोन-तीन राज्ये फिरू शकतो. त्याला ना तालुका ठाऊक, ना जात. जुन्नरच्या डोंगरात आपल्या पूर्वजांनी लेणी कोरली तिथे पाण्याच्या पोढ्याही कोरल्या. शिवनेरीच्या अंगाला इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दान दिल्याचा लेख आजही दगडात आहे. परदेशातून आलेल्या माणसाला येथल्या पाण्याची काळजी घ्यावीशी वाटली. दोन हजार वर्षांनी त्याच खोऱ्यात पाण्याच्या आरोग्याला वाली नाही.

रोग म्हणजे नेमके काय, तेही समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडे या विषयावर अफवाच जास्त. १९८८ मध्ये ईशान्य भारतात माशांच्या अंगावर खोल लाल जखमा दिसू लागल्या आणि काही वर्षांत हा रोग देशभर पसरला. जपानमध्ये तो १९७१ सालीच दिसला होता, तिथून ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया, बांगलादेश असा प्रवास करत तो आला. शास्त्रज्ञ त्याला साथीचा व्रणरोग म्हणतात. अफॅनोमायसिस इनव्हडान्स नावाचा बुरशीसारखा जीव त्याला कारण आहे. पाणी थंड झाले, पावसानंतर पाण्यातला चुना कमी झाला की तो उचल खातो. मरळ त्याला सर्वांत आधी बळी पडतो, आणि मरळ हा तर गरिबाने उथळ पाण्यात हाताने धरायचा, बाजारात जिवंत विकून चांगला पैसा देणारा मासा. माणसाला या रोगाची लागण होत नाही. पण जखमा पाहून लोक घाबरले, मासे खाणे बंद केले आणि ज्यांच्या जाळ्यात निरोगी मासा होता त्यांचीही विक्री बुडाली. कारण शोधायलाच कित्येक वर्षे गेली. तोपर्यंत कोळ्या-भोयांचे जे व्हायचे ते होऊन गेले.

या रोगावर तळ्यात चुना टाकता येतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने सिफॅक्स नावाचे औषध काढले, ते हेक्टरभर आणि मीटरभर खोल पाण्याला एक लिटर लागते. शेततळेवाला ते आणू शकेल. पण डिंभ्याच्या जलाशयात चुना कुठे कुठे टाकणार? घोडनदीत औषध कसे घालणार? शेतीतल्या माशाला दवा आहे, रानातल्या माशाला नाही. नदी-धरणातल्या माशासाठी एकच औषध म्हणजे रोग आत येऊ न देणे आणि आला तर पहिल्या दिवशी कळणे. म्हणून पाळीव माशांची योजना वेगळी आणि नैसर्गिक माशांची वेगळी असे चालणार नाही. पाणी एकच आहे. शेततळे पावसाळ्यात फुटते, ओढ्याला मिळते आणि ओढा नदीला.

तसेच बीजाचे. आपल्याकडची बोटुकली अनेकदा बंगालमधून, आंध्रातून प्लास्टिकच्या पिशव्यांत प्राणवायू भरून येते. पिशवीत मासे किती ते मोजतात, त्या पाण्यात आणखी काय आले ते कोण पाहतो? माशाची ऊ म्हणतात तो आर्ग्युलस किडा असाच तळ्यातळ्यांत पोहोचला. तो निदान डोळ्यांना दिसतो. तिलापिया लेक विषाणू दिसत नाही. इस्रायलमध्ये २०१४ साली त्याची ओळख पटली आणि २०१८ मध्ये भारतातूनही त्याची नोंद प्रसिद्ध झाली. उजनीच्या पाण्यात चिलापीवर किती कुटुंबे जगतात हे भिगवण-इंदापूरचा बाजार पाहिलेल्याला सांगायला नको. तो विषाणू उजनीत आला आहे असे मी म्हणत नाही. येऊ नये यासाठी दारावर कोण उभा आहे, एवढेच विचारतो. थाई मांगूरवर केंद्राने २००० साली बंदी घातली, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती पुन्हा बजावली, तळी नष्ट करण्याच्या कारवायाही झाल्या. तरी तो मासा चोरून पाळला जातो. नुसत्या बंदीने पाणी राखले जात नाही याचा हा ढळढळीत पुरावा आहे.

आता कायद्याकडे वळू. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी हा राज्य सूचीतला २१ क्रमांकाचा विषय. जनावरांच्या रोगांना प्रतिबंध हाही राज्य सूचीत, १५ क्रमांकावर. पण समवर्ती सूचीत २९ क्रमांकाची नोंद आहे, ती फार कमी लोक वाचतात. माणसे, जनावरे किंवा वनस्पती यांचे संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू नयेत यासाठी केंद्राला आणि राज्याला दोघांनाही कायदा करता येतो. म्हणजे राष्ट्रीय योजनेला संविधानाचा पाया आहे. कुणी म्हणत असेल की मासा राज्याचा विषय, केंद्राचे हात बांधलेले, तर त्याने ही नोंद पाहावी. याच आधारावर २००९ साली संसदेने प्राण्यांमधील संक्रामक व संसर्गजन्य रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला. त्याच्या व्याख्येत गाय आहे, म्हैस आहे, मेंढी, शेळी, याक, मिथुन आहे, कुत्रा, मांजर, डुक्कर, घोडा, उंट, गाढव, खेचर, कोंबडी आहे, मधमाशीसुद्धा आहे. मासा या नावाने नाही! केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील असा अन्य कोणताही प्राणी, या शेवटच्या शेपटात त्याला बसवता येईल, एवढेच. लाखो लोकांचे पोट ज्या जिवावर आहे त्याने शेपटात का बसावे? संविधानाच्या ४८ व्या कलमात पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने करावे असे म्हटले आहे. पुढे त्याच कलमात गायी-वासरांचा उल्लेख आहे. राज्यकर्त्यांनी पुढचा भाग पाठ केला आणि आधुनिक व शास्त्रीय हे दोन शब्द विसरून गेले.

त्या कायद्याचे चौथे कलम सांगते की जनावराला अनुसूचीतला रोग झाल्याचा संशय आला तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवावे. हे कलम चांगले आहे. पण कळवल्यावर काय? कळवणाऱ्याचा माल विक्रीला बंद, तळे बंद, वाहतूक बंद. भरपाईची हमी नसताना रोग कळवा असे सांगणे म्हणजे स्वतःच्या चुलीवर स्वतः पाणी ओता असे सांगणे आहे. कोण ओतेल? तो रातोरात मासे काढून पुढच्या बाजारात विकेल, आणि रोग टोपलीत बसून पुढच्या गावाला जाईल. यात त्याला गुन्हेगार म्हणण्यात अर्थ नाही, कायद्यानेच त्याला त्या कोपऱ्यात ढकलले आहे. पुण्याने हे एकदा पाहिले आहे. १८९७ च्या प्लेगात साथीचा कायदा आला, गोरे सोजीर घराघरांत घुसले आणि लोकांनी रोगी लपवले. त्याच प्लेगात सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात चालत गेल्या आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. रोग आवरण्याच्या या दोन रीती. सरकार नेहमी पहिली निवडते, कारण ती स्वस्त पडते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २०१३ साली जलचर प्राण्यांच्या रोगांची राष्ट्रीय निगराणी योजना सुरू झाली. लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था तिचे काम पाहते, राज्याराज्यांतल्या संस्था नमुने तपासतात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली तिचा दुसरा टप्पा मंजूर झाला, तीन वर्षांसाठी ३३ कोटी ७८ लाख रुपये. २०२३ मध्ये माशाचा रोग कळवण्यासाठी एक मोबाइल अ‍ॅपही आले. शास्त्रज्ञांचे हे काम मोलाचे आहे, त्यांनी नवे विषाणू वेळेवर ओळखले आहेत. पण मत्स्यसंपदा योजना २० हजार ५० कोटींची! हजार रुपयांमागे निगराणीला पावणेदोन रुपयेसुद्धा येत नाहीत. प्रयोगशाळांचा काही खर्च दुसऱ्या शीर्षाखाली असेल, तो मिळवला तरी प्रमाण लाजिरवाणेच राहते. उत्पादन वाढवायला पैसा आहे, ते जगवायला नाही. आणि अ‍ॅपचे म्हणाल तर डिंभ्याच्या मागच्या पाण्यात ज्याच्या हातात टायरची ट्यूब आणि जाळे आहे त्याला अ‍ॅपपेक्षा बोलणारा माणूस हवा. किनाऱ्यावरच्या गावांसाठी सागरमित्र नेमण्याची तरतूद याच योजनेत झाली. तसा मानधनावरचा, त्या समाजातला, नमुना कसा घ्यायचा आणि बर्फात कसा पाठवायचा हे शिकवलेला तरुण प्रत्येक जलाशयावर का नसावा? मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, १९६१ पासूनची. जुन्नर-आंबेगावहून ती एका दिवसाच्या अंतरावर आहे. अडते ते नमुना घेऊन जाणाऱ्या माणसापाशी.

व्यवस्था कुणासाठी हलते हे पाहायचे तर कोळंबीकडे पाहा. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने आंध्र-तामिळनाडूची कोळंबीशेती झोपवली. कोळंबी परदेशी जाते, डॉलर आणते. मग काय, यंत्रणा धावली. २००९ मध्ये व्हॅनामी कोळंबी आणायची ठरली तेव्हा प्रजननाच्या कोळंबीसाठी चेन्नईजवळ खास विलगीकरण केंद्र उभे राहिले. निर्यातीच्या मालात प्रतिजैविकांचा अंश सापडला तर जहाज परत येते, म्हणून त्याचीही तपासणी होते. हे सगळे करता येते हे सरकारने स्वतःच सिद्ध केले आहे. बाजारात पाटीवर विकल्या जाणाऱ्या रोहूला यातले काहीच नाही, कारण तो खाणारा युरोपात राहत नाही. एका देशात दोन मासे आणि दोन न्याय! ज्यांनी दोन पाणवठे ठेवले त्यांच्याच वारसांचे हे नियोजन आहे.

जगात हे वेगळ्या रीतीने झाले आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर १९९५ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये समुद्रातले पिलचार्ड मासे हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात मेले. ते कुणाच्या तळ्यातले नव्हते, मोकळ्या समुद्रातले होते. त्या देशाने १९९८ पासून ॲक्वाप्लॅन नावाने राष्ट्रीय योजना आखायला घेतली. पाळीव आणि जंगली जलचर एकाच योजनेत, केंद्र, राज्ये आणि मच्छिमार एकाच टेबलावर, रोग आल्यावर कुणी काय करायचे हे आधीच लिहून ठेवलेले. तरीही २०१६ साली क्वीन्सलँडमध्ये पांढरा ठिपका शिरलाच. योजना असली की रोग येतच नाही असे नव्हे. आल्यावर कुणाकडे बोट दाखवायचे यात मात्र महिना जात नाही. उलट चिलीचे उदाहरण. तिथे साल्मन माशाची शेती बेफाम वाढवली, पिंजऱ्याला पिंजरा लावला, आणि २००७ मध्ये विषाणू आला तेव्हा धंदाच कोसळला. कंपन्या पुढे सावरल्या, पण हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्या. आपल्या जलाशयांतही आता पिंजरे वाढत आहेत. पिंजऱ्यात मासा दाट, रोगाला मोकळे रान, आणि पिंजऱ्याच्या बाहेर त्याच पाण्यात आदिवासीचे जाळे. पिंजऱ्याचा परवाना देताना बाहेरच्या जाळ्याचा विचार कोणत्या अटीत आहे?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची आखणी, हिराकुडची सुरुवात, १९४५ चा केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग हे त्या काळातले काम. प्रांताच्या सीमेवर नदी तोडू नका, खोरे हा एक घटक धरा, ही त्यांची भूमिका होती. आपण त्यांना संविधानाचे शिल्पकार म्हणतो आणि पाण्याच्या नियोजनाचे त्यांचे काम विसरतो. माशांच्या रोगाची राष्ट्रीय योजना करायची तर तिचा आराखडा याच भूमिकेत तयार आहे. भीमेचे खोरे हा एक घटक धरावा. कुकडीच्या पाच धरणांपासून उजनीपर्यंत आणि पुढे कर्नाटकापर्यंत बीज कुठून आले, कुठे सोडले, कुठे मासा मेला, याची एकच नोंद असावी. लखनौ आणि मुंबई यांच्या मधे खोऱ्याचा एक टप्पा हवा, तो आज नाही.

पण योजनेत माणूस कुठे आहे, हा खरा मुद्दा. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ विरुद्ध भारत सरकार या खटल्यात किनाऱ्यावरच्या कोळंबीशेतीबद्दल निकाल दिला. पर्यावरणवाले तो निकाल पाण्याच्या प्रदूषणासाठी सांगतात. आपल्या वकिलांनी त्यातला कामगारांचा भाग वाचावा. बंद होणाऱ्या शेतांवर वर्षभर सलग काम केलेल्या कामगारांना औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-फ कलमाप्रमाणे भरपाई द्यावी आणि त्याशिवाय सहा वर्षांची मजुरी द्यावी, असे न्यायालयाने सांगितले होते. पुढे तो आदेश पुनर्विचार याचिकांत अडकला आणि २००५ च्या कायद्याने कोळंबीशेतीला नवी चौकट मिळाली. मजूर बाजूला पडला. तरी तत्त्व एकदा सर्वोच्च न्यायालयाच्या लेखणीतून उतरले आहे की पाण्यातला धंदा बंद पडतो तेव्हा हक्कदार एकटा मालक नसतो.

आज काय चालले आहे? फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने मत्स्य किसान समृद्धी योजना मंजूर केली, तीत मत्स्यशेतीच्या विम्यासाठी प्रोत्साहन आहे. ते तळ्याच्या जलक्षेत्रावर मोजले जाते, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना दहा टक्के अधिक. ऐकायला छान. पण ज्याच्याकडे तळेच नाही त्याच्या शून्यावर दहा टक्के वाढवले तर शून्यच राहते. मत्स्यसंपदा योजनेत आपल्याला साठ टक्के अनुदान आहे, सर्वसाधारण लाभार्थ्याला चाळीस. उरलेले चाळीस टक्के आणि जमीन आणायची कुठून? एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला. विजेचा दर, कर्ज यांच्या सवलती त्यातून मिळतील, तळेवाल्यांना मिळतील. शेतीत जमीन कसणारा कुळ राहिला आणि मालक शेतकरी ठरला, तेच पाण्यात होऊ द्यायचे का? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला तो जमिनीसाठी. पाण्याच्या नोंदींत आपले नाव लावून घेण्याची लढाई अजून व्हायची आहे.

रोगाची भरपाई ठरवताना नोंद कशाची, यावरच सगळे आहे. संस्थेच्या सभासदाचे नाव, त्याचा सरासरी माल, जाळे ओढणाऱ्या मजुराचे दिवस, पाटी घेऊन फिरणाऱ्या बाईची विक्री. हे आधी लिहिलेले नसेल तर मासे मेल्यावर कुणाला काय द्यायचे हे ठेकेदार सांगेल आणि तोच उचलून नेईल. डिंभ्याला शाश्वत संस्थेच्या कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या साथीने धरणग्रस्त आदिवासींनी मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. ज्या पाण्याने शेते बुडवली त्याच पाण्यातून त्यांनी हक्काचा घास काढला. अशा संस्थांच्या वहीला सरकारी पंचनाम्यात पुरावा मानले पाहिजे. मासा आजारी आहे हे शास्त्रज्ञाच्या आधी जाळे काढणाऱ्याला कळते, त्याचे खवले हाताला वेगळे लागतात. त्याचे हे ज्ञान फुकट घ्यायचे आणि तोटाही त्यालाच सोसायला लावायचा, हा व्यवहार बंद झाला पाहिजे.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, रोगाचे नाव काढले की बाजार पडतो, गप्प बसलेले बरे. त्यांची भीती खोटी नाही, व्रणरोगाच्या वेळी तसे झाले. पण गप्प बसल्याने बाजार उभा राहत नाही, अफवा उभी राहते. कोणता रोग माणसाला लागत नाही, कोणता मासा विकू नये, कोणता शिजवून खाता येतो, हे सोप्या मराठीत लिहिलेला एक कागद प्रत्येक मासळी बाजारात लागला तरी निम्मी भीती जाईल. आणि तथागतांनी दुःख सांगितले ते कारणासकट. रोग लपवून दुःखनिरोध होत नाही.

आता करण्यासारखे काय, तेही सांगतो. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे दिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(१)(घ) वनक्षेत्रातल्या पाण्यातल्या मासळीवर सामूहिक हक्क मानते. या दोन्ही कायद्यांचा आधार घेऊन ग्रामसभेने ठराव करावा, वारूळवाडीसारख्या खालच्या गावांनी तोच ठराव आपल्या ग्रामसभेत घ्यावा, कारण पाणी वरून खालीच येते. ठरावात चार गोष्टी असाव्यात. २००९ च्या कायद्यात केंद्राने अधिसूचना काढून मासे, कोळंबी, खेकडे यांचा स्पष्ट समावेश करावा. जलाशयात सोडले जाणारे प्रत्येक बीज तपासणीच्या दाखल्यासह यावे आणि दाखल्याची प्रत ग्रामपंचायतीत राहावी. रोग कळवणाऱ्या संस्थेला मासेमारी बंद राहील तितक्या दिवसांची भरपाई मिळावी, तीत मजूर आणि विक्रेत्या बायांचा वाटा ठरलेला असावा. आणि प्रत्येक जलाशयावर नमुना घेणारा प्रशिक्षित तरुण स्थानिक मच्छिमार समाजातून मानधनावर नेमावा. ठरावाची एक प्रत तहसीलदारांना, एक पुण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला, एक केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाला स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. महिनाभरात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारावा: गेल्या पाच वर्षांत कुकडी प्रकल्पाच्या पाच जलाशयांतून माशांच्या रोगतपासणीसाठी किती नमुने, कोणत्या तारखांना घेतले? अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.